कोणता आजार कोणत्या वाटेने येतो: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे पूर्वेला, कोपरीत, माझा दवाखाना आहे. पावसाळ्यात बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं एकमेकांना जे विचारतात आणि मग आत येऊन मला जे विचारतात, ते मी काही वर्षं वहीत टिपत आले आहे. गर्दीच्या दिवशी एकेका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात ‘व्हायरल आहे, तीन-चार दिवसांत उतरेल’ याच्या पुढे जाता येत नाही, आणि त्याची मला रुखरुख लागते. म्हणून उत्तरं इथे सवडीने लिहिली आहेत. ती वाचून घरच्या घरी निदान मात्र करू नका. धाप लागत असेल, झटका आला असेल, माणूस गुंगीत असेल, लघवी कमी झाली असेल, तर आधी दवाखाना गाठा.

‘व्हायरल आहे’ म्हणता, म्हणजे नेमकं काय झालंय?

हा ताप विषाणूमुळे आला असावा, असा माझा अंदाज आहे. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरते. जुलै-ऑगस्टमध्ये एकाच चाळीत, एकाच आठवड्यात वेगवेगळ्या जातींचे ताप असू शकतात. फ्लू आणि डेंगी विषाणूंचे. लेप्टो (साचलेल्या पाण्यातून येणारा) आणि टायफॉइड जिवाणूंचे. मलेरिया या दोन्हींत बसत नाही, तो परजीवीचा. पहिल्या दोन दिवसांत सगळे सारखेच दिसतात: अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, जेवण नकोसं होतं. म्हणून मी आधी विचारते, साचलेल्या पाण्यातून चालला होतात का? घरात आणखी कोणाला ताप आहे का? थंडी वाजून येतो का? गावाहून आलात का? काही जण वैतागतात, ‘गोळी लिहून द्या ना’ म्हणतात. पण आजार कोणत्या वाटेने आला असेल हे याच प्रश्नांतून कळतं, आणि वाट कळली की कोणती तपासणी करायची ते ठरतं.

विषाणू लहान असतो म्हणजे किती लहान?

माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर धरा. टायफॉइडचा जिवाणू दोन-तीन हजार नॅनोमीटर लांब असतो, तो शाळेतल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. फ्लूचा विषाणू शंभराच्या आसपास आणि पोलिओचा जेमतेम तीस. हे त्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. १८९२ साली रशियात दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीत जिवाणू अडकतात. तरी गाळलेल्या रसाने निरोगी पानं रोगट झाली. जिवाणूहून बारीक असं काहीतरी आहे, हे तिथून कळायला लागलं. प्रत्यक्ष त्याचं चित्र मिळायला १९३९ उजाडलं, तेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे. आपल्याकडे पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तेच आजचं एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. नागपूरच्या चांदीपुरा भागाचं नाव लाभलेला विषाणू याच संस्थेने १९६५ साली शोधला.

तो शरीरात शिरतो, पण पेशीत कसा घुसतो?

हा प्रश्न बारावीतल्या एका मुलीने विचारला होता आणि मला तो फार आवडला. याचं उत्तर कळलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप सुटतात.

विषाणूला हात-पाय नाहीत, पोट नाही, श्वास नाही. त्याच्याजवळ असतो फक्त एक नकाशा, म्हणजे स्वतःसारखे आणखी विषाणू कसे बनवायचे याची माहिती, आणि त्यावर प्रथिनांचं वेष्टन. वागळे इस्टेटमध्ये छोट्या वर्कशॉप आहेत, तिथे लोक ड्रॉइंग घेऊन येतात आणि ‘असा पार्ट काढून द्या’ म्हणतात. लेथ वर्कशॉपचा, लोखंड वर्कशॉपचं, वीज वर्कशॉपची. आलेल्या माणसाच्या हातात फक्त कागद. विषाणू तसा येतो. फरक एवढाच की त्याची ऑर्डर घेतल्यावर वर्कशॉपला स्वतःचं काम करायला उसंतच उरत नाही.

पण आधी दार उघडायला हवं. आपल्या पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे आणि साखरेचे असंख्य तुरे असतात. पेशी ते स्वतःच्या कामासाठी बाळगते. विषाणूच्या अंगावरचा एखादा भाग त्यांतल्या एखाद्या तुऱ्यात कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. करोनाच्या विषाणूची किल्ली एसीई-२ नावाच्या प्रथिनात बसते, ज्याचं खरं काम रक्तदाबाशी निगडित आहे. एचआयव्हीची किल्ली रोगप्रतिकाराच्या काही ठरावीक पेशींवरच चालते. रेबीजची नसांवर. म्हणूनच प्रत्येक विषाणूचा आजार ठरावीक जागी होतो. ज्या पेशीला त्याचं कुलूप नाही, तिच्यापुढे तो कितीही वेळ घुटमळला तरी आत जात नाही.

फ्लूचं उदाहरण शेवटपर्यंत सांगते. नाक-घशातल्या पेशींवर साखरेचे जे तुरे असतात, त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असतं. फ्लूचा विषाणू त्याला चिकटतो. पेशीला वाटतं काहीतरी उपयोगाची वस्तू आली, म्हणून ती स्वतःच्याच पडद्याची पिशवी करून त्याला आत ओढते. पिशवी आत गेली की तिच्यातलं आम्ल वाढतं, एरवी आत आलेली वस्तू पचवायला. नेमकं तेच आम्ल विषाणूच्या फायद्याचं ठरतं. त्याच्या प्रथिनाचा आकार बदलतो, वेष्टनावरचा चरबीचा पदर पिशवीच्या पडद्याशी एकजीव होतो आणि नकाशाचे आठ तुकडे बाहेर पडून पेशीच्या केंद्रकात पोचतात. तिथे त्यांच्या नकला निघतात. त्या नकला रायबोसोमकडे, म्हणजे पेशीच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडे जातात. रायबोसोम हा नकाशा कोणाचा असं विचारत नाही, समोर येईल ते बनवत सुटतो. नवे विषाणू पेशीच्या पडद्यापाशी जमतात, त्याच पडद्याचा तुकडा अंगावर पांघरतात आणि बाहेर निघतात. निघताना एक अडचण येते. बाहेर तेच सियालिक आम्ल त्यांना चिकटवून ठेवतं. मग त्यांच्या अंगावरचं दुसरं प्रथिन कात्रीसारखं तो धागा कापतं आणि ते शेजारच्या पेशीकडे सुटतात.

स्वाइन फ्लूच्या साथीत जी ओसेल्टामिविरची गोळी सगळ्यांना ठाऊक झाली, ती ही कात्री बोथट करते. आधीच सुटून गेलेल्या विषाणूंवर तिचा इलाज नाही. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केली तर ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते, ती यामुळेच. पाच दिवस अंगावर काढून ‘आता ती गोळी द्या’ म्हणणाऱ्यांना मला हे दरवेळी सांगावं लागतं. आजार गंभीर असेल किंवा पेशंट गरोदर, वयस्क असेल तर मात्र उशीर झाला तरी आम्ही ती देतो.

बर्ड फ्लू आला की चिकन बंद करायचं का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्यांना एच५एन१ झाला होता, तेव्हा आठवडाभर हाच प्रश्न होता. वर सांगितलेली किल्ली इथेही लागू आहे. पक्ष्यांच्या फ्लूची किल्ली ज्या प्रकारच्या सियालिक आम्लात बसते, ते माणसाच्या नाक-घशात फारसं नसतं, फुप्फुसांत खोलवर असतं. त्यामुळे तो माणसाला सहजी होत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे तर क्वचितच जातो, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या हाताळणाऱ्यांना खरा धोका. नीट शिजवलेलं चिकन आणि उकडलेलं अंडं खायला हरकत नाही. कच्चं चिकन कापलेली सुरी आणि पाट साबणाने धुवा, हे बर्ड फ्लू नसतानाही करायचं आहे.

ताप विषाणू आणतो की शरीर?

शरीर. हे कळलं की थर्मामीटरची भीती थोडी कमी होते. विषाणू शिरलेली पेशी गप्प बसत नाही. ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते शोधलं. याच धामधुमीतली रसायनं मेंदूला तापमान वाढवायला सांगतात, सांधे दुखतात, झोप येते, भूक मरते. म्हणजे फ्लूमध्ये आपल्याला जे ‘आजारपण’ म्हणून जाणवतं, त्यातलं पुष्कळसं आपल्याच बचावाचं काम असतं. त्रास कमी व्हावा म्हणून पॅरासिटामॉल घ्या, पाणी, पेज, ताक घेत राहा. १०० ताप पाहून मध्यरात्री घाबरून जाऊ नका. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मात्र ताप थोडा असला तरी लगेच दाखवायचा.

मग अँटिबायोटिक का देत नाही?

अँटिबायोटिक जिवाणूच्या यंत्रणेवर चालतं: कुठलं त्याची भिंत बनू देत नाही, कुठलं त्याचं रायबोसोम बंद पाडतं. विषाणूला भिंतही नाही आणि स्वतःचं रायबोसोमही नाही. तो आपलंच यंत्र वापरतो. मारायचं तरी काय?

दवाखाना सुरू केला त्या पहिल्या काही वर्षांत मी पालकांच्या आग्रहापुढे नमले आहे. ‘ताई, परीक्षा आहे, काहीतरी स्ट्राँग द्या’ असं कोणी काकुळतीने म्हटलं की मी लिहून द्यायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा, तो तसाही उतरणारच होता, आणि श्रेय त्या गोळीला जायचं. पुढच्या वेळी ते थेट मेडिकलमधून तीच गोळी आणायचे. ती सवय लावण्यात माझाही हात होता, हे मला बोचतं. पोटातल्या आणि घशातल्या जिवाणूंना अशा प्रत्येक फुकाच्या कोर्समधून औषधाला तोंड द्यायची सवय होते. खरंच न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग होतो, तेव्हा ते औषध चालत नाही. आता मी कागदावर लिहून देते, की अमुक दिवसापर्यंत ताप राहिला किंवा अमुक झालं तर परत या. बहुतेकांना तेवढ्याने धीर येतो.

गोवर तर लहान मुलांना होतोच. त्याचा एवढा बाऊ का?

आम्हाला जे साथीचे आजार ठाऊक आहेत, त्यांत गोवराइतका पसरणारा क्वचितच दुसरा. लस न घेतलेल्या लोकांमध्ये गोवराचा एक पेशंट सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. पेशंट खोलीतून उठून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. माझ्या दवाखान्यातला तो बाक डोळ्यांपुढे आणा. सकाळी दहाला गोवराचं बाळ तिथे बसून गेलं, आणि साडेअकराला लस न झालेलं दुसरं बाळ आईच्या कडेवर आत आलं. दोघांची गाठ पडलीच नाही, तरी दुसऱ्याला गोवर होऊ शकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल विषाणू पसरवत असतं. तेव्हा फक्त ताप, खोकला, लाल डोळे एवढंच दिसतं आणि कोणाला शंकाही येत नाही.

आपल्याकडे गोवर आला की पाहुण्यांना घरात घेत नाहीत, उंबऱ्याला कडुनिंबाचा पाला लावतात, मुलाला बाहेर काढत नाहीत. या रिवाजाला मी हसत नाही. मुलाला घरात ठेवणं आणि येणाऱ्याला खूण करणं हे अगदी योग्यच आहे, आणि तो शहाणपणा लस येण्याच्या फार आधीचा आहे. मी हात जोडून विनवते ती एवढ्यासाठीच, की देवीचा कोप होईल या भीतीने औषध आणि अन्न बंद करू नका. गोवरात व्हिटॅमिन ए चे दोन डोस द्यायचे असतात, डोळे आणि जीव दोन्ही वाचवण्यासाठी. पथ्य म्हणून मुलाला उपाशी ठेवलं तर न्यूमोनिया आणि जुलाब त्याला लवकर गाठतात.

आणखी एक गोष्ट पालकांना क्वचितच कोणी सांगतं. गोवराचा विषाणू रोगप्रतिकाराच्या ज्या पेशी जुन्या आजारांची आठवण ठेवतात, त्यांनाच गाठतो. मूल गोवरातून उठतं, पण आधी कमावलेली बरीच प्रतिकारशक्ती पुसली गेलेली असते. पुढे कित्येक महिने ते दुसऱ्या आजारांनी सारखं पडत राहतं आणि आई म्हणते, ‘गोवरापासून याची तब्येत लागलीच नाही.’ तिचं निरीक्षण अगदी बरोबर असतं.

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ आली. करोनाच्या काळात लसीकरण मागे पडलं होतं आणि गोवराला तेवढी फट पुरली. एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो. राहून गेला असेल तर उशिरा का होईना, घ्या.

सगळ्यांनी लस घेतली तर माझ्या एकट्याच्या मुलाने नाही घेतली, काय बिघडलं?

गोवर थोपवायला शंभरातल्या साधारण ९५ जणांना संरक्षण हवं. उरलेल्या पाचांत कोण असतं? नऊ महिन्यांच्या आतली बाळं, कॅन्सरचे उपचार घेणारी मुलं, ज्यांना लस देताच येत नाही ती. ती जागा त्यांच्यासाठी राखलेली आहे. धडधाकट मुलाने ती अडवली की यांच्यातलं कोणीतरी उघडं पडतं. देवी रोगाचा नैसर्गिक साथीतला शेवटचा पेशंट १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. भारतात पोलिओच्या जंगली विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. त्यामागे दारोदार फिरून, मुलांच्या बोटाला शाई लावत डोस पाजणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई आणि नर्सबाई आहेत. कोपरीच्या गल्ल्यांतून भर उन्हात आइसबॉक्स खांद्याला लावून फिरणाऱ्या त्या बायका मी पाहिल्या आहेत आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

लोकलने रोज जातो. किती धोका आहे?

खोकताना, शिंकताना मोठे थेंब उडतात, ते एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. बोलताना, श्वास सोडताना अतिशय बारीक कणही निघतात, ते धुरासारखे हवेत तरंगतात. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो तसंच समजा. खिडक्या उघड्या असतील तर विरतात, बंद असतील तर साठतात. सकाळच्या ८.२० ला ठाण्याहून निघालेल्या डब्यात तोंडाला तोंड लागतं, पण दारं सताड उघडी असतात आणि वारा येतो. पावसात खिडक्या, दारं लावून घेतली की तोच डबा जास्त धोक्याचा. एसी लोकलमध्ये दारं बंदच असतात, तिथे स्वतःला सर्दी-खोकला असेल तर मास्क लावा. मला वाटतं, आजारी माणसाने लावलेला मास्क हा सगळ्यांत उपयोगी, कारण कण बाहेर पडायच्या जागीच अडतात.

प्रवासाबरोबर आजार फिरतात हे आपल्या भागाला नवं नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला आणि रेल्वेच्या मार्गांनी देशभर गेला. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं तर आपले येतात का?

नाही. तो डोळे चोळतो, मग दाराची कडी, नळ, मोबाईल, नॅपकिन धरतो. तुम्ही तीच वस्तू धरता आणि नकळत स्वतःचा डोळा चोळता. बहुतेक वेळा यामागे अॅडेनो विषाणू असतो आणि तो कोरड्या वस्तूवरही दिवसेंदिवस टिकतो. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो आणि हात डोळ्यांकडे जाऊ देत नाही, एवढाच त्याचा फायदा. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीपासून सुरू झालेली साथ आठवत असेल. मेडिकलवाल्याला विचारून स्टेरॉइडचे थेंब घालू नका. डोळा दुखत असेल, अंधुक दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

साबण चांगला की सॅनिटायझर?

फ्लू, करोना, गोवर हे विषाणू पेशीतून निघताना तिच्या पडद्याचा जो तुकडा पांघरतात, तो चरबीचा असतो. साबण तेलकट भांड्यावरचा थर सोडवतो, तसाच तो पदर फोडतो आणि विषाणू निकामी होतो. अल्कोहोलही तेच करतं. पण पोलिओ, कावीळ-ए, जुलाबाचे रोटा आणि नोरो यांना हा पदरच नाही. ते बरेच चिवट, जठरातल्या आम्लातूनही पार होतात, म्हणून तर पोटाच्या वाटेने येतात. यांच्यावर सॅनिटायझर तोकडा पडतो. साबण-पाण्याने हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले की ते मेले नाहीत तरी निघून जातात. तेव्हा संडासहून आल्यावर, बाळाचं शी-शू काढल्यावर आणि जेवण करण्याआधी साबणच. लोकलमध्ये पाणी नसतं, तिथे सॅनिटायझर ठीक.

कावीळ पाण्यातून होते म्हणता, पण आमच्याकडे तर पाणी स्वच्छ दिसतं.

दिसण्यावर जाऊ नका. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीतून पंधरा दिवसांत एकामागून एक कावीळचे पेशंट आले. सगळे एकाच विंगचे होते. पाणीपुरीवाल्याला दोष देऊन झाला होता, पण पेशंटमधल्या दोन आजी तर घराबाहेरच पडत नव्हत्या. शेवटी जमिनीखालच्या टाकीजवळ ड्रेनेजची लाइन झिरपत असल्याचं निघालं. पाणी शेवटपर्यंत नितळ दिसत होतं.

कावीळ-ए आणि कावीळ-ई चे विषाणू आजारी माणसाच्या शौचातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. डोळे पिवळे दिसायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत पेशंट सगळ्यांत जास्त विषाणू टाकतो. कावीळ-ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार घातक ठरते. घरात कोणी गरोदर असेल आणि सोसायटीत कावीळ ऐकली तर पाणी त्याच दिवसापासून उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. जमिनीखालची आणि गच्चीवरची, दोन्ही टाक्या वेळच्या वेळी धुऊन घ्या. कावीळ-बी आणि सी ची वाट वेगळी, रक्ताची: सुई, वस्तरा, रक्त चढवणं, शरीरसंबंध, आईकडून बाळाला. कावीळ झाली म्हटलं की कोणती, हे विचारायलाच हवं.

आता कावीळ उतरवायला घालतात त्या माळेबद्दल. डोक्यात घातलेली काड्यांची माळ दिवसेंदिवस लांब होत खांद्यावर उतरते आणि कावीळही उतरत जाते, हे मी माझ्या आजोळी पाहिलं आहे. ताज्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. आणि कावीळ-ए बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, एवढंच. माळ घातलीत म्हणून मी रागावणार नाही. पण उलट्या थांबत नसतील, माणूस असंबद्ध बोलत असेल, झोपाळलेला असेल तर माळेच्या भरवशावर एक दिवसही काढू नका. लिव्हर निकामी होत असल्याची ती खूण असते.

डेंगीत पपईच्या पानांचा रस द्यावा का? प्लेटलेट ८० हजार झाल्यात.

लोक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, आणि धोका भलतीकडूनच येतो. डेंगीत रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्तदाब पडतो. हे कधी होतं? ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप जातो, घरचे म्हणतात ‘सुटलो’, आणि तेच पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यांत जपायचे असतात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, खूप अस्वस्थपणा किंवा सुस्ती, यांतलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. प्लेटलेट आजार ओसरला की स्वतःहून वर येतात, आणि रस त्याच दिवसांत दिलेला असतो. कडू रसाने उलट्या वाढल्या तर पाणी आणखी कमी होतं, म्हणून मी तो देत नाही. ओआरएस, नारळपाणी, पेज द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो.

आता त्याची वाट. एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. तो डेंगीच्या पेशंटला चावला की विषाणू त्याच्या अंगात ८ ते १२ दिवस वाढतो, आणि मग तो डास मरेपर्यंत लोकांना आजार देत राहतो. म्हणून तापाच्या दिवसांत पेशंटला दुपारीही मच्छरदाणीत झोपवा. हे कोणीच करत नाही, आणि मग त्याच मजल्यावर दोन आठवड्यांनी पुढचा पेशंट निघतो.

अंडी घालायला त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. फ्रिजच्या मागची ट्रे, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या, टायर, बंद पडलेल्या कूलरचा तळ. अंड्यातून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पिंप घासायलाच हवं.

पावसात भिजल्याने सर्दी होते का?

पाण्यातून विषाणू येत नाही. पण नाक गार पडलं की ऱ्हायनो विषाणू जास्त जोमाने वाढतो, त्याला ३३-३४ अंशांची नाकातली हवा मानवते. शिवाय पावसात आपण खिडक्या लावून दाटीवाटीने बसतो. आई डोकं पुसायला सांगते ते ऐका.

नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो, हे खरं का?

खरं नाही, आणि या भीतीने म्हातारी माणसं रात्र-रात्र जागतात, म्हणून ठासून सांगते. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू जात नाही. पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या गाठींत तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. वय झालं, प्रतिकार कमी झाला की एखाद्या नसेच्या वाटेने त्वचेवर परत येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो. पहिल्या ७२ तासांत असायक्लोव्हिरसारखी गोळी सुरू केली तर आजार आटोपशीर राहतो आणि नंतरची ती जीवघेणी जळजळही कमी व्हायला मदत होते. डोळ्याजवळ किंवा कपाळावर उठली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मंत्र घालून, शेंदूर लावून तीन दिवस गेलेले पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा फार हळहळ वाटते.

नागीण झालेल्याकडून कोणाला नागीण होत नाही. पण फोडांतलं पाणी लागलं तर ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात. नातवंडं आणि गरोदर सून यांच्यापासून फोडांवर खपली धरेपर्यंत दूर राहा.

शाळेत पुन्हा कधी पाठवू?

कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरल्यावर. गोवर: पुरळ उठल्यापासून चार दिवस पूर्ण झाल्यावर. फ्लू: औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तर. गालगुंड: सूज आल्यापासून पाच दिवसांनी. डोळे: पाणी आणि चिपडं थांबल्यावर. हात-पाय-तोंडाचा आजार: ताप गेला, फोड सुकले की. डेंगीचं मूल वर्गात कोणाला आजार देत नाही, त्याला घरी ठेवायचं ते त्याच्या अशक्तपणासाठी. शाळांनी शंभर टक्के हजेरीची बक्षिसं बंद करावीत असं मला मनापासून वाटतं. त्या बिल्ल्यासाठी ताप अंगावर घेऊन आलेली मुलं मी तपासली आहेत.

कुत्रा चावला, पण पाळलेला आहे आणि नुसतं ओरखडलं. इंजेक्शन लागेल का?

हो. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण त्याआधी आपल्याला वेळ मिळतो, कारण हा विषाणू रक्तातून धावत नाही. तो जखमेतून नसेत शिरतो आणि नसेच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेकांत एक ते तीन महिने लागतात, चेहऱ्याला किंवा हाताला चावलं असेल तर त्याहून कमी. लसीने तयार झालेला प्रतिकार त्याच्या आधी पोचला पाहिजे.

आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून, खरोखर पंधरा मिनिटं. या विषाणूलाही चरबीचा पदर आहे, साबणाने तो फुटतो. तिखट, चुना, हळद, तेल काही लावू नका, पट्टी घट्ट बांधू नका. मग लगेच सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जा. रक्त आलं असेल, किंवा फाटलेल्या त्वचेला, ओठाला, डोळ्याला लाळ लागली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. ते त्याच वेळी स्वतःहून विचारून घ्या. पोटातली १४ इंजेक्शनं केव्हाच गेली. आता दंडात देतात: कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर १४ वा दिवसही धरून. चावला तो दिवस नव्हे, पहिली लस घेतली तो शून्य दिवस. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. पण पहिला डोस त्याची वाट पाहत थांबत नाही.